उघडलेली व्हिस्की टिकवायची कशी? लहान बाटल्या, गोट्या, वायू की डिकँटर

घरात तीन-चार बाटल्या उघडलेल्या आहेत, पिणं आठवड्याला एक-दोन पेगांचं आणि एकेक बाटली संपायला वर्ष-दीड वर्ष लागतं, अशा घरासाठी हा आढावा आहे. तुमची बाटली महिन्या-दोन महिन्यांत संपत असेल तर यातलं काहीही विकत आणू नका. बूच घट्ट लावा, बाटली अंधारात उभी ठेवा, एवढं पुरतं.

व्हिस्की बाटलीत मुरत नाही. मुरण्याचं काम लाकडी पिंपात होतं आणि बाटलीत भरताक्षणी ते थांबतं. बारा वर्षांची व्हिस्की सीलबंद अवस्थेत आणखी दहा वर्षं ठेवलीत, तरी ती बारा वर्षांचीच राहते. उघडल्यावर ती दुधासारखी नासतही नाही, कारण ४० टक्के मद्यार्कात जंतू वाढत नाहीत. होतं ते इतकंच की ती हळूहळू फिकी पडते. आधी फळांचा, फुलांचा हलका वास उडतो, पीटच्या (दलदलीतल्या, वाळवून जाळायच्या कुजक्या गवतामातीच्या) धुराची धार बोथट होते आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखी सपाट चव उरते. सुगंधी द्रव्यं वरच्या रिकाम्या जागेत निघून जातात आणि तिथल्या हवेतला ऑक्सिजन उरलेल्यांचं रूप पालटतो, ही त्याची दोन कारणं.

म्हणून खरा आकडा उघडून किती महिने झाले हा नाही, तर आत हवा किती हा आहे. ७५० मिलीची बाटली अर्धी असताना एक मिली व्हिस्कीमागे एक मिली हवा असते. ७५ मिली उरली की तेच प्रमाण एकास नऊ होतं. निम्म्याहून जास्त भरलेली बाटली वर्षभर निर्धास्त ठेवावी. एक-तृतीयांश उरली की सहा महिने आणि पाव उरली की दोन-तीन महिने, हा ढोबळ हिशेब बहुतेक बाटल्यांना लागू पडतो. धुरकट व्हिस्कीला याहून थोडा कमी वेळ द्यावा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याची यात मोठी भर पडते. पॉल जॉन आणि अमृत या भारतीय व्हिस्की कंपन्या. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनच्या गोदामात किंवा बंगळुरूला अमृतच्या गोदामात उष्णतेमुळे व्हिस्की लवकर मुरते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला दोनेक टक्के उडते, बंगळुरूत दहा-बारा टक्के. पिंपाला मानवणारी ही उष्णता उघड्या बाटलीला मात्र सोसत नाही. बाटलीत ४५० मिली हवा आहे आणि घर पहाटेच्या २६ अंशांवरून दुपारी ३६ वर गेलं, तर ती हवा साधारण १५ मिलीने फुगते. बूच जरा ढिलं असेल तर रोज दुपारी तेवढी सुगंधी हवा बाहेर आणि रात्री तेवढीच ताजी हवा आत. दोन महिन्यांचा उन्हाळा म्हणजे असे साठ फेरे.

आता उपाय शेजारी-शेजारी ठेवून पाहू.

| उपाय | कधी उपयोगी | मुख्य अडचण |
|---|---|---|
| मूळ बाटली, घट्ट बूच | निम्म्याहून जास्त उरली असताना | पातळी उतरली की निरुपयोगी |
| लहान काचेच्या बाटल्या | पहिल्या दिवसापासून | धुणं, लेबलं, जागा |
| काचेच्या गोट्या | ३०० मिली किंवा जास्त उरली असताना | वजन, सफाई, अरुंद तोंड |
| आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू | निम्म्याच्या आसपास | दर वेळी पुन्हा भरावा लागतो |
| हवा ओढणारा पंप | व्हिस्कीसाठी कधीच नाही | वासही ओढून नेतो |
| पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणचट पट्टी) | न उघडलेल्या किंवा भरलेल्या बाटलीवर | आतली हवा तशीच राहते |
| डिकँटर (मद्य ओतून ठेवायची काचेची सुरई) | त्या संध्याकाळपुरता | झाकण हवाबंद नसतं, शिशाचा धोका |

यात पहिला क्रमांक निःसंशय लहान बाटल्यांचा. फक्त बहुतेक लोक त्या फार उशिरा वापरतात. बाटली तळाला लागल्यावर उरलेले शंभर मिली छोट्या बाटलीत भरले, तर फिकी पडलेली व्हिस्कीच जपली जाते. गेलेला वास परत येत नाही. त्यामुळे बाटली उघडली त्याच दिवशी निम्मी व्हिस्की लहान बाटल्यांत भरून बाजूला ठेवा आणि उरलेली मूळ बाटलीतून प्या. ती संपली की एकेक लहान बाटली काढा. एका खंब्यासाठी (७५० मिलीच्या बाटलीसाठी) १०० मिलीच्या चार बाटल्या पुरतात.

बाटल्या नव्या, गडद तपकिरी काचेच्या घ्या. होमिओपॅथीची औषधं भरतात तशा बाटल्या मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला आणि इतर शहरांत प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळतात. झाकणाच्या आत पांढऱ्या पॉलिथिनचा शंकू असेल तर उत्तम. तो काचेच्या तोंडात घट्ट बसतो. रबरी फुग्याच्या ड्रॉपरचं झाकण साठवणीला वापरू नका, कारण मद्यार्काच्या वाफेने रबराचा वास आत उतरतो. औषधाच्या जुन्या बाटल्याही नकोत, कितीही धुतल्या तरी अर्काचा वास जात नाही. घरच्या रिकाम्या क्वार्टर वापरायचा विचार असेल तर दोन गोष्टी तपासा. बरेच क्वार्टर प्लास्टिकचे असतात आणि प्लास्टिकमधून ऑक्सिजन हळूहळू आत येतो, म्हणजे ते काही आठवड्यांपुरतेच ठीक. शिवाय पुष्कळ भारतीय बाटल्यांच्या तोंडात पुन्हा भरता येऊ नये म्हणून प्लास्टिकची झडप बसवलेली असते. तिच्यातून बाहेर येतं, आत जात नाही.

बाटल्या गरम पाण्याने धुवा, वास नसलेला साबण अगदी थोडा वापरा आणि उलट्या ठेवून पूर्ण दिवस वाळू द्या. भरण्याआधी चार-पाच मिली व्हिस्की आत खळबळून ओतून टाका. तेवढं वाया जातं खरं, पण पाण्याचा आणि साबणाचा शेवटचा अंश त्यानेच निघतो. काठोकाठ मात्र भरू नका. २५ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत गेल्यावर व्हिस्की सव्वा टक्क्याच्या आसपास फुगते. १०० मिलीच्या बाटलीत मानेखाली चारेक मिलीची जागा सोडली नाही, तर मे महिन्यात झाकण पाझरतं.

हे काम गॅसच्या शेगडीशेजारी किंवा देवापुढच्या दिव्याजवळ करू नका. ४० टक्के मद्यार्काची वाफ सुमारे २६ अंशांना पेट घेऊ शकते आणि आपल्या घरात वर्षाचा बराच काळ तापमान त्याहून जास्तच असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तपकिरी बाटली औषधाची वाटते. घरात लहान मुलं किंवा नजर अधू झालेले आजी-आजोबा असतील, तर मोठ्या अक्षरात लेबल लावा आणि बाटल्या औषधांच्या कपाटापासून दूर, कुलपात ठेवा. लेबलावर नाव, मद्यार्काचं प्रमाण आणि भरल्याची तारीख हवी. सहा महिन्यांनी चार सारख्या बाटल्यांतली कुठली कोणती हे आठवत नाही.

गोट्यांची कल्पना आकर्षक आहे, कारण फुकटात होते. पण हिशेब मांडला की मर्यादा दिसते. १६ मिलिमीटरची गोटी साधारण २.१ मिली जागा व्यापते. गोट्या कितीही भरल्या तरी त्यांच्यामधल्या फटींची मिळून सुमारे ४० टक्के जागा मोकळी राहतेच आणि व्हिस्की त्या फटींत उतरते. म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीत ३०० मिली व्हिस्की असेल, तर दोनशेच्या वर गोट्या टाकून पातळी मानेपर्यंत येते आणि बाटलीचं वजन किलोभराने वाढतं. १५० मिलीच उरली असेल तर बाटली गोट्यांनी गच्च भरूनही व्हिस्की अर्ध्यावरच राहते. जेव्हा गरज सर्वात जास्त, तेव्हाच हा उपाय अपुरा पडतो. ओतताना गोट्या मानेत अडकतात, वरून टाकताना तळाला तडा जाऊ शकतो आणि तोंडात झडप असलेल्या बाटलीत त्या जातच नाहीत.

वायूचे डबे वाइनसाठी तयार होतात. आर्गॉन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड असल्याने तो व्हिस्कीवर पांघरुणासारखा पसरून राहतो असं सांगितलं जातं. सुरुवातीला काही वेळ हे खरं असतं, पण दिवसागणिक वायू एकमेकांत मिसळतात. आर्गॉनचा खरा उपयोग आतली हवा ढकलून बाहेर काढण्यात आहे. त्यासाठी नळी व्हिस्कीच्या पृष्ठभागाजवळ नेऊन काही सेकंद हळूच सोडायचा आणि लगेच बूच लावायचं. जोरात सोडलात तर तो हवेला ढवळतो आणि काम वाया जातं. तरीही ऑक्सिजन कमी झाला तरी वास रिकाम्या जागेत उडायचा थांबत नाही, आणि बाटली उघडली की सगळं पहिल्यापासून. एखादी महागडी बाटली वर्षभर जशीच्या तशी ठेवायची असेल आणि लहान बाटल्यांत भरायची इच्छा नसेल, तरच हा खर्च पटतो. वेल्डिंगच्या दुकानातला सिलिंडर आणून हे करण्याची युक्ती अजिबात करू नका. तो वायू खाण्यापिण्यासाठी प्रमाणित नसतो आणि बंद खोलीत गळती झाली तर कळायच्या आत माणूस गुदमरतो.

पंपाबद्दल थोडक्यातच: दाब कमी केला की सुगंधी द्रव्यं जास्त वेगाने उडतात आणि पंप तीच बाहेर काढतो. त्याचं रबरी झाकणही फार काळ पोकळी धरून ठेवत नाही.

पॅराफिल्म ही प्रयोगशाळेतली मेणचट पट्टी दुपटीने ताणून कोरड्या मानेवर तीन वेढे घ्यायची, झाकण घट्ट होतं त्याच दिशेने. संग्रहातल्या न उघडलेल्या बाटलीचं बूच सुकून पातळी उतरू नये म्हणून ती फार चांगली. भरलेल्या लहान बाटल्यांवरही लावावी. कडक उन्हाळ्यात ती कडकडीत होते, तेव्हा वर्षातून एकदा बदला. इलेक्ट्रिकची टेप नको, तिचा गोंद काचेवर चिकटतो.

कापलेल्या काचेचा डिकँटर टेबलावर देखणा दिसतो, पण जुन्या क्रिस्टलमध्ये शिसं असतं आणि मद्यार्कात ते हळूहळू उतरतं. पाहुणे येणार त्या संध्याकाळी लागेल तेवढीच त्यात ओता आणि उरलेली तिथे ठेवू नका.

जागेची निवड यातल्या अर्ध्या उपायांपेक्षा मोलाची. गच्चीखालचा माळा, फ्रिजचं डोकं, पश्चिमेच्या खिडकीतलं शोकेस या तीन जागा टाळा. शयनघरातल्या कपाटाचा सर्वात खालचा खण चांगला, कारण तो थंड आणि अंधारा असतो. सूर्यप्रकाशाने रंग आणि चव दोन्ही उतरतात, म्हणून पुठ्ठ्याचा खोका फेकू नका. वाइनसारखी बाटली आडवी ठेवू नका. तीव्र मद्यार्क बूच खातो आणि त्याची कडवट चव आत येते. बूच सुकू नये म्हणून महिन्या-दोन महिन्यांतून एकदा बाटली दोन-तीन सेकंद तिरपी करा, एवढंच. फ्रिजची गरज नाही. त्यात ठेवल्यावर ४६ टक्क्यांची, थंड गाळणी न केलेली (म्हणजे भरण्याआधी गार करून गाळलेली नसलेली) व्हिस्की गढूळ दिसली तर घाबरू नका, तो दोष नव्हे. कोकणात आणि गोव्यात बुचाच्या बाहेरून पांढरी बुरशी येते. ती ओल्या फडक्याने पुसून मगच बूच काढा. बूच तुटलंच तर चहाच्या गाळणीवर पातळ सुती कापड ठेवून व्हिस्की गाळा आणि आधीच्या एखाद्या बाटलीचं जपून ठेवलेलं बूच लावा.

तुम्ही निवडलेला उपाय खरंच काम करतो का, हे घरीच तपासता येतं. बाटली उघडली त्या दिवशी ६० मिलीची एक बाटली मानेपर्यंत भरून पॅराफिल्म लावून बाजूला ठेवा. ही साक्षीची बाटली. सहा महिन्यांनी तिच्याशी मूळ बाटलीतल्या व्हिस्कीची तुलना करा. तीन सारखे, वरून निमुळते ग्लास घ्या आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दोनांत एक आणि तिसऱ्यात दुसरी व्हिस्की ओतायला सांगा, प्रत्येकी १० मिली. वेगळा ग्लास कोणता ते फक्त वासावरून ओळखा, मग ग्लासांची अदलाबदल करून पुन्हा, असं एकूण पाच वेळा. पाचपैकी चार किंवा पाच वेळा बरोबर आलं तर फरक खरा धरा, नुसत्या अंदाजाने असं होण्याची शक्यता शंभरात पाचाहून कमी आहे. दोन-तीनच बरोबर आले तर मूळ बाटली तशीच ठेवली तरी तुमच्यासाठी फरक पडत नाही, लहान बाटल्यांचा खटाटोप सोडून द्या.

वेगवेगळ्या व्हिस्की शेजारी ठेवून पाहायच्या असतील तर आधी ताकद सारखी करा, नाहीतर जोरकस ती चांगली वाटते. २० मिलीवर ४० टक्क्यांना आणायला ४२.८ टक्क्यांच्या नेहमीच्या भारतीय व्हिस्कीत साधारण दीड मिली पाणी, ४६ टक्क्यांच्या पॉल जॉन ब्रिलियन्समध्ये तीन मिली आणि ५० टक्क्यांच्या अमृत फ्यूजनमध्ये पाच मिली. ड्रॉपरने मोजून घाला. बोअरचं जड पाणी आणि नळाचं क्लोरीनच्या वासाचं पाणी टाळा. क्रम सौम्याकडून धुरकटाकडे ठेवा, म्हणजे ब्रिलियन्स आधी आणि पॉल जॉन बोल्ड शेवटी, कारण पीटचा धूर नाकात बसला की पुढचं काही कळत नाही. खोली ३४ अंशांवर असेल तर मद्यार्क नाकाला झोंबतो. ग्लासचा तळ पाच मिनिटं गार पाण्याच्या वाटीत ठेवा. बर्फ घातला तर वास दबतो, म्हणून तुलनेपुरता तो बाजूला ठेवा.

महाराष्ट्रात मद्य विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो आणि व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून तिथून परवान्याशिवाय बाटल्या आणणं हा गुन्हा आहे. लहान बाटल्यांत भरलेली व्हिस्की घराबाहेर नेऊ नका, तपासणीत ती कशाची आणि कुठून घेतलेली हे सिद्ध करता येत नाही. मूळ बाटली आणि पावती सगळ्या लहान बाटल्या संपेपर्यंत ठेवा.