रेंडरची रांग कोणाच्या हाती? बॅकबर्नर, फ्लमेन्को आणि डेडलाइन

आठ-दहा मशीनचा रेंडर फार्म (थ्रीडी सीनच्या फ्रेम आपसांत वाटून तयार करणारी मशीन) उभा करताना सगळी चर्चा ग्राफिक्स कार्ड आणि रॅमवर होते. जॉब, म्हणजे रेंडरचं एकेक काम, मशीनना वाटणार कोण, हे आठवतं ते संध्याकाळी सातला तिघांनी एकदम जॉब टाकल्यावर. पैशाचा मुद्दा आधीच बाजूला काढू: ही रांग सांभाळणारी बॅकबर्नर, फ्लमेन्को आणि डेडलाइन ही तिन्ही सॉफ्टवेअर वापरायला फुकट आहेत, डेडलाइन १० सुद्धा २०२२ पासून. उरतो तो खरा प्रश्न. रांगेत मधे घुसायचा हक्क कोणाला?

बॅकबर्नरचं उत्तर सोपं आहे: एका वेळी एकालाच. मॅनेजर जॉब वाटतो, सर्व्हर रेंडर करतो (इथे 'सर्व्हर' म्हणजे तुमचं साधं रेंडर मशीन, आयटीवाल्यांचा हमखास गोंधळ होतो) आणि 'मॉनिटर' नावाच्या प्रोग्रॅममध्ये रांग दिसते. ज्याच्या मॉनिटरकडे ताबा, तोच जॉब वरखाली करणार. बाकीच्यांनी नुसतं पाहायचं किंवा ताबा मागायचा. थ्रीडीएस मॅक्स या थ्रीडी सॉफ्टवेअरवर घरांचे व्ह्यू आणि वॉकथ्रू करणाऱ्या चार जणांच्या ऑफिसला ही शिस्त पुरते. मॅक्सच्या रेंडर डायलॉगमधूनच जॉब जातो, वेगळं काही शिकावं लागत नाही. पण ऑफिसात ब्लेंडर हे दुसरं थ्रीडी सॉफ्टवेअर वापरणारा आला की त्याच्यासाठी यात तयार सोय नाही.

बॅकबर्नर सोडणाऱ्यांनी एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा. त्यात प्रायॉरिटीचा आकडा जितका लहान तितका जॉब पुढे. डेडलाइन आणि फ्लमेन्कोमध्ये बरोबर उलटं, मोठा आकडा पुढे. तिन्हीकडे न सांगता ५० पडतात, म्हणून फरक लक्षातच येत नाही. मी डेडलाइनवर आल्यावर पहिल्याच आठवड्यात घाईच्या जॉबला जुन्या सवयीने ५ दिले आणि निवांत घरी गेलो. सकाळी बाकी सगळ्यांचं काम झालेलं होतं.

फ्लमेन्को ब्लेंडर स्टुडिओचं. मॅनेजर चालू केला की रांग ब्राउझरमध्ये दिसते, डेटाबेस वेगळा बसवावा लागत नाही, अर्ध्या दिवसात फार्म उभा. आर्टिस्टची मशीन दिवसा झोपवून रात्री कामाला लावायचं वेळापत्रक आत आहे, लहान स्टुडिओत हे सोन्यासारखं. एखादं मशीन एकाच जॉबमध्ये सारखं फेल जात असेल, तर त्या जॉबपुरतं ते बाजूला काढलं जातं. मात्र लॉगिन नाही. नेटवर्कवरचा कोणीही कोणाचाही जॉब रद्द करू शकतो. पाच जणांत हाक मारून निभतं, तीस जणांत भांडणं होतात.

शिवाय इथे दर टास्कला (जॉबच्या दर तुकड्याला) ब्लेंडर नव्याने उघडतो, म्हणून एका टास्कमध्ये किती फ्रेम घालायच्या हे नीट ठरवा. समजा, सीन उघडायला ३ मिनिटं आणि फ्रेमला २. १०० फ्रेम एकेक करून दिल्या तर ५०० मशीन-मिनिटं, दहा-दहाच्या गठ्ठ्याने दिल्या तर २३०. गठ्ठा फार मोठा केला तर शेवटी एकच मशीन राबतं आणि बाकीची बघत बसतात. डेडलाइन आणि बॅकबर्नर मॅक्सचा सीन जॉब संपेपर्यंत उघडाच ठेवतात, तिथे हा हिशोब इतका चावत नाही.

डेडलाइन बसवायला जड. फायलींची रिपॉझिटरी, मोंगोडीबीचा डेटाबेस, आणि त्याचा बॅकअप घेणारा एक माणूस. पण त्याचे पूल, म्हणजे जॉबचे गट, पाहिले की हे कष्ट का घ्यायचे ते कळतं. प्रत्येक मशीनला पूलची क्रमवार यादी देता येते: पाच मशीनवर 'जाहिरात' आधी मग 'मालिका', उरलेल्या पाचांवर उलट. दोन्ही कामं चालतात, आणि एका पूलचं काम संपलं की त्याची मशीन रिकामी न बसता दुसऱ्याला लागतात. नेहमीच्या मांडणीत आधी पूल पाहिला जातो, मग प्रायॉरिटी, मग आधी कोण आलं ते. त्यामुळे खालच्या पूलमध्ये १०० देऊनही जॉब थांबतो, आणि नवा माणूस म्हणतो 'डेडलाइन बिघडलंय'. ग्रुप ही वेगळी गोष्ट, जास्त रॅमची मशीन ओळखायला. मॅक्स, माया, हूडिनी, न्यूक अशा वेगवेगळ्या सॉफ्टवेअरचं सगळं काम एका रांगेत हवं असेल, तर मला यांत दुसरा पर्याय दिसत नाही. खटकतं ते एवढंच की डेडलाइन ज्यांचं आहे त्या ॲमेझॉनचं लक्ष आता २०२४ मध्ये आलेल्या डेडलाइन क्लाउडकडे आहे, आणि ते मशीनच्या वापरावर बिल लावतं.

ओपनक्यू या रांगेच्या चौथ्या सॉफ्टवेअरबद्दल विचाराल, म्हणून सांगतो: सोनी पिक्चर्स इमेजवर्क्स आणि गूगल यांनी ते २०१९ मध्ये खुलं केलं. त्यात अडलेली फ्रेम 'खाऊन' टाकता येते, म्हणजे ती सोडून पुढचं काम सुरू होतं. भाषा गोड आहे, पण लिनक्स आणि पोस्टग्रेस डेटाबेस सांभाळणारा माणूस पगारावर नसेल तर हात लावू नका.

ठरवण्याआधी एक रात्र चाचणी घ्या. सीनमधल्या टेक्श्चरचे पाथ झेड ड्राइव्हवर (नेटवर्कवरच्या फोल्डरला दिलेल्या अक्षरावर) असतील तर आधी ते पूर्ण नेटवर्क पाथवर आणा. रेंडर सर्व्हिस म्हणून, म्हणजे कोणी लॉगिन न करता मागे चालणारा प्रोग्रॅम म्हणून, चालू केलं की त्याला तुमचा झेड दिसत नाही, आणि काळ्या फ्रेमचं खापर रांगेवर फुटतं. मग १०० फ्रेमचा जॉब टाका, मधेच एका मशीनची नेटवर्क केबल काढा, आणि त्याच्याकडची फ्रेम किती वेळाने दुसऱ्याकडे जाते ते घड्याळ लावून बघा.