सदाफुली की फ्लॉक्स?

मागच्या डिसेंबरात नागपुरातल्या एका रोपवाटिकेतून 'फ्लॉक्स' म्हणून सहा रोपं आणली. चार फ्लॉक्स निघाली, दोन सदाफुल्या. पाच पाकळ्या, मधे गडद डोळा, गुलाबी-पांढरे तेच रंग! फुलांकडे पाहून फसायलाच होतं.

म्हणून आधी पानं पाहा. सदाफुलीची पानं तुकतुकीत, मधली शीर पांढरट, आणि शेंड्यापर्यंत समोरासमोर जोडीनं. फ्लॉक्सचं पान अरुंद, केसाळ, बोटाला जरा चिकट. खालची पानं जोडीनं, पण वर जाता जाता एकाआड एक होतात. माझ्या मते ही खूण सर्वांत पक्की. फ्लॉक्सच्या फुलांचा शेंड्यावर झुपका असतो. सदाफुलीची फुलं मात्र पानांच्या बेचक्यात, एकेक-दोन-दोन.

फुलं गळाली तरी हरकत नाही. सदाफुलीला बारीक शेंगांची जोडी लागते, कारण ती कण्हेरीच्या कुळातली. फ्लॉक्सचं बोंड इवलंसं, तीन फाकांचं. त्याचं कूळच वेगळं. सदाफुली मूळची मादागास्करची, फ्लॉक्स टेक्सासची.

एवढं करूनही शंका उरली, तर नागपूरचं ऊन आहेच! फ्लॉक्स हिवाळी पाहुणी, उन्हं तापू लागली की मान टाकते. सदाफुली मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकला तरी गच्चीवर फुलत असते. शेळीही तिला तोंड लावत नाही, इतकी कडू. तिच्याच पानांतून कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टीन मिळतं. घरी काढा करून प्यायच्या भानगडीत मात्र पडू नका, ती विषारी आहे.