कोडेक्स सिनाइटिकसचे संकेतस्थळ: दुरुस्त्यांसकट दिसणारे पवित्र शास्त्र

पवित्र शास्त्र विश्वसनीय आहे असे मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाला कधी ना कधी हा प्रश्न ऐकावा लागतो: प्रेषितांच्या हातच्या मूळ प्रती उरलेल्या नाहीत, शतकानुशतके नकलांवरून नकला होत गेल्या, मग आज वाचला जाणारा मजकूर तोच आहे हे कशावरून? या प्रश्नावर प्रवचने पुष्कळ होतात, पण पुरावा स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची सोय सामान्य वाचकाला क्वचितच मिळते. कोडेक्स सिनाइटिकस या बायबलच्या प्राचीन हस्तलिखिताचे संकेतस्थळ ती सोय विनामूल्य करून देते, आणि विश्वासाच्या बाजूने किंवा विरोधात काहीही न बोलता करून देते, म्हणून त्याचा परिचय करून देणे मला आवश्यक वाटते.

चौथ्या शतकात चर्मपत्रावर ग्रीक भाषेत लिहिलेले हे हस्तलिखित म्हणजे संपूर्ण नवा करार असलेली, आज उपलब्ध असणारी सर्वांत जुनी प्रत होय. जुन्या कराराचा मात्र बराच भाग नष्ट झाला आहे. याची ३४७ पाने लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि ४३ लाइपझिग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. बाकीची पाने व तुकडे सीनाय पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या संत कॅथरीन मठात आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये आहेत. मठातली ही प्रत टिशेनडॉर्फ या जर्मन अभ्यासकाच्या हाती १८४४पासून टप्प्याटप्प्याने कशी आली, रशियात कशी गेली आणि सोव्हिएत सरकारने १९३३मध्ये एक लाख पौंडांना ती ब्रिटनला कशी विकली, हा इतिहास वादग्रस्त आहे. चारही संस्थांनी मिळून मान्य केलेला वृत्तांत संकेतस्थळावर दिला आहे. त्यातील प्रत्येक वाक्य इतके जपून लिहिले आहे की वाटाघाटी किती अवघड झाल्या असतील, हे वाचतानाच कळते.

जुलै २००९मध्ये उपलब्ध असलेला सारा मजकूर येथे आला. एका बाजूला पानाचे छायाचित्र आणि दुसऱ्या बाजूला ग्रीक मजकुराची अक्षरशः नक्कल अशी मांडणी आहे. हवा तो ग्रंथ, अध्याय आणि वचन निवडता येते. साध्या प्रकाशातले छायाचित्र बदलून तिरप्या प्रकाशातले घेतले, तर चर्मपत्रावर आखलेल्या रेषा आणि कातडीचा पोत उठून दिसतो. या संकेतस्थळाचे खरे मोल मात्र दुरुस्त्यांमध्ये आहे. मूळ लेखनिकाने काय लिहिले आणि नंतरच्या हातांनी काय बदलले, हे शब्दागणिक वेगळे दाखवलेले आहे.

उदाहरणार्थ, मार्कचे शुभवर्तमान येथे सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशी, रिकाम्या कबरेवरून पळालेल्या भयभीत स्त्रियांपाशी, थांबते, छापील बायबलात पुढे येणारी वचने येथे नाहीत, आणि पुढच्या स्तंभात लूक सुरू होतो. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा योहानातील प्रसंग येथे नाहीच. त्याहूनही बोलके स्थळ मत्तय २४:३६ हे आहे. शेवटाचा तो दिवस व ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, हे शब्द लेखनिकाने लिहिले, एका दुरुस्तीकाराने ते वगळले आणि नंतरच्या हाताने पुन्हा ग्राह्य ठरवले. लूक २३:३४मधील, येशूने वधस्तंभावरून केलेल्या क्षमेच्या प्रार्थनेचीही हीच गत झाली. मजकूर बदलला गेला हे सिद्ध करायला ही पाने दाखवता येतील. परंतु बदल लपवले गेले नाहीत, जुना पाठ खाली वाचता येईल असाच राहिला, आणि म्हणूनच आज तो तपासता येतो, हेही त्याच पानांवर दिसते.

येथे विश्वासाच्या मांडणीचा प्रश्न येतो. शास्त्राच्या निर्दोषत्वाविषयी १९७८मध्ये शिकागो येथे इव्हँजेलिकल (शास्त्राच्या अधिकारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) पुढाऱ्यांनी काढलेल्या निवेदनात ईश्वरप्रेरणा काटेकोर अर्थाने मूळ लेखनालाच लागू होते असे म्हटले आहे. नकला व भाषांतरे मुळाशी जितकी प्रामाणिक, तितकीच ती देवाचे वचन ठरतात. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५मध्ये भर दिला तो आपल्या तारणासाठी देवाने शास्त्रात नोंदवून घेतलेल्या सत्यावर. या दोन्ही भूमिकांना सिनाइटिकसमुळे तडा जात नाही, असे माझे मत आहे. तडा जातो तो आपल्या घरातील छापील आवृत्तीचा काना-मात्राही स्वर्गातून उतरला आहे या समजुतीला, आणि ती समजूत कोणत्याही जबाबदार निवेदनात नाही. बंगालमधील सेरामपूरहून १८११मध्ये मराठी नवा करार निघाला तेव्हा युरोपातील अभ्यासकांना ही प्रत ठाऊकही नव्हती, एवढे ध्यानात घेतले तरी पुढील आवृत्त्यांत काही वचने कंसात किंवा तळटीपेत का जातात, याचा उलगडा होतो.

अधिक अवघड प्रश्न शेवटच्या पानांवर आहे. प्रकटीकरणानंतर बर्नबाचे पत्र आणि हर्मासचा मेंढपाळ हे आज नव्या करारात नसलेले दोन ग्रंथ येतात. कोणते ग्रंथ शास्त्र मानायचे हे चौथ्या शतकातही सर्वत्र सारखे पक्के झाले नव्हते, असा याचा एक अर्थ होऊ शकतो. ते केवळ वाचनीय म्हणून जोडले असावेत, असाही होऊ शकतो. संकेतस्थळ याविषयी वाचकाला फारशी मदत करत नाही.

हीच त्याची मोठी उणीव आहे. सामग्री उत्कृष्ट आहे, मार्गदर्शन तोकडे. पाठभेदांवर (एकाच वचनाच्या वेगवेगळ्या मजकुरांवर) भाष्य नाही, भाषांतराची सोय सर्व ग्रंथांना सारखी नाही आणि भारतीय भाषा तर एकही नाही. ग्रीक अक्षरे शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेली असल्याने नवख्याची दमछाक होते. मोबाइलच्या पडद्यावर चार स्तंभांचे पान पाहणे व्यर्थ आहे; संगणकच घ्यावा. बायबल अभ्यासवर्ग घेणाऱ्या पाळकांनी आणि शिक्षकांनी मराठी शास्त्र शेजारी उघडे ठेवून मार्कच्या सोळाव्या अध्यायापासून सुरुवात करावी, कारण तेथे ग्रीक न येणाऱ्यालाही मार्कच्या शेवटानंतर स्तंभाचा कोरा राहिलेला भाग स्पष्ट दिसतो.