कॉलेट सेट घेताना व्हिडिओतल्या डायलचा छोटा काटा बघा

हे लिहायला जरा लाजच वाटतेय, कारण मी राहतो कोल्हापुरात, कारखान्यांचं उद्यमनगर गाडीवर दहा मिनिटांवर, आणि कॉलेट चक (चिरा असलेल्या बाहीत, म्हणजे कॉलेटमध्ये, गोल रॉड आवळून धरणारी पकड) मागवला ऑनलाइन. काखेत कळसा म्हणतात ना, तेच. पण माझे 7,400 गेलेत, निदान दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत.

नोकरी बँकेत आहे, घरी गॅरेजमध्ये छोटी बेंच लेथ (धातूचा जॉब फिरवून कापायचं मशीन) आहे, रविवारी छोटी स्टीम इंजिनं करत बसतो. लेथबरोबर आलेल्या थ्री-जॉ चकला (तीन जबड्यांच्या पकडीला) 0.07-0.08 मिमी रनआउट आहे, म्हणजे रॉड फिरताना तेवढा डगमगतो, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, तिन्ही जबडे एकत्र सरकणाऱ्या अशा स्क्रोलच्या चकला तेवढं असतंच, आणि एकाच पकडीत जॉब पूर्ण झाला तर त्यानं काही बिघडत नाही. गोची होते जॉब उलटा करून परत धरायचा असतो तेव्हा. पिस्टन रॉडची एक बाजू मारली, उलटी धरली, दुसरी मारली की दोन्हीचं सेंटर जुळत नाही. फोर-जॉवर (चारही जबडे वेगवेगळे सरकणाऱ्या चकवर) डायल, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं साधन, लावून जमतं, पण दर वेळी पंधरा मिनिटं जातात. म्हणून ईआर-32 (कॉलेटचा एक ठरलेला साइज) घ्यायचं ठरवलं.

जाहिरातीत लिहिलेलं 'हाय प्रिसिजन 0.005', म्हणजे पाच मायक्रॉन. 100 मिमीचा चक, 3 ते 20 मिमी असे 18 कॉलेट, टेस्ट सर्टिफिकेट आणि वर एक व्हिडिओ, त्यात चकमधली पिन फिरतेय आणि डायलचा काटा ढिम्म. मी खूश. आता वाटतं की पाच मायक्रॉन कुठं मोजलं, कॉलेटच्या तोंडाशी का बाहेर, कॉलेटचं का नुसत्या चकच्या टेपरचं (कॉलेट बसतो त्या निमुळत्या भोकाचं), एवढं तरी विचारायला हवं होतं.

माल आला, दिसायला झकास, काळा बॉक्स, प्रत्येक कॉलेटवर तेलाचा हात. पहिला रॉड उलटा करून धरला तर सेंटर परत गेलंच! मला वाटलं माझंच चुकतंय, आणि एक चूक होतीही. कॉलेट आधी नटमधल्या रिंगेत तिरका करून टक् आवाज येईपर्यंत बसवायचा असतो आणि मग नटसकट चकमध्ये घालायचा, मी कॉलेट आधी चकमध्ये टाकून वरून नट फिरवत होतो. असं केलं की कॉलेट वाकडा दाबला जातो आणि काढताना आतच अडकतो. ते सुधारलं तरी फरक नाही. या असल्या गोष्टी फक्त रविवारी, त्यात दोन आठवडे गेले आणि रिटर्नची सात दिवसांची मुदत संपली. इथंच मी खरा अडकलो.

शेवटी गल्लीतल्या आप्पांना बोलावलं, तीस वर्षं टर्नर होते. त्यांनी कॉलेटला हातच लावला नाही, आधी माझ्या स्पिंडलच्या नाकावर (लेथच्या ज्या फिरत्या टोकावर चक बसतो तिथं) डायल मारला, 0.01, म्हणजे लेथ ठीक. मग चकच्या आतल्या टेपरवर, 0.03. मग थ्रीडी प्रिंटरची 10 मिमी ग्राउंड (अचूक घासलेली) रॉड कॉलेटमध्ये धरली, तोंडाशी 0.04 आणि 40 मिमी बाहेर 0.11. "आरं ह्यो तर वाकडाच धरतोय की रॉड," म्हणाले. मग मार्करनं खूण करून कॉलेट पाव फेरा फिरवून परत बसवला, वरचा पॉइंट, म्हणजे काटा सगळ्यात जास्त जातो ती जागा, कॉलेटबरोबर सरकला. चकचा दोष असता तर तो जागेवरच राहिला असता. असं एकेक करत 18 पैकी 11 कॉलेट बाद, आणि 12 मिमीच्या एका कॉलेटच्या चिरा तर उघड्या डोळ्यांना कमी-जास्त रुंद दिसत होत्या!

मग मी त्यांना तो व्हिडिओ दाखवला. आप्पांनी मोबाईल नाकाजवळ धरला, दोनदा बघितला आणि हसायलाच लागले. मोठ्या काट्याकडं आपण सगळे बघतो, पण डायलमध्ये एक छोटा काटाही असतो, प्लंजर किती दाबलाय ते दाखवणारा. व्हिडिओत तो पार सुरुवातीच्या जागी पडलेला. म्हणजे प्लंजर दाबलेलाच नाही, पिनला टेकतच नव्हता, मग काटा हलणार कसा. मी तो व्हिडिओ वीसेक वेळा तरी बघितला असेल. सर्टिफिकेटचं पण तसंच, त्यावरचा सिरीयल नंबर चकवर कुठंच कोरलेला नाही.

विक्रेत्याला डायलचे फोटो पाठवले तर उत्तरं अशी, आधी "तुमची लेथ आउट असेल", मग "घरगुती कामाला एवढं चालतं", मी भोळेपणानं आधी कॉलेट चुकीचा बसवल्याचं सांगितलेलं, तर शेवटी "तुम्हीच खराब केलाय". साईटवाले म्हणाले मुदत संपली. मग 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि डायलचे फोटो जोडून. तीन आठवड्यांनी विक्रेत्याकडून 2,000 परत आले, मी मिटवून टाकलं. स्क्रीनशॉट घेतला होता ते बरं झालं, कारण नंतर जाहिरातीतून तो व्हिडिओ गायब झाला.

चक मात्र कामाला आला. बॅकप्लेटचं (चक ज्या तबकडीवर बोल्टनं बसतो तिचं) स्पिगॉट, म्हणजे चक ज्यात बसतो तो उंचवटा, माझ्याच लेथवर टर्न करून थोडं लूज ठेवलं, बोल्ट अर्धवट आवळून डायल बघत बघत चक प्लास्टिकच्या हातोडीनं ठोकत सेंटरला आणला, टेपर आता 0.01 च्या आत आहे. वाकड्या कॉलेटला असला काही इलाज नाही, ते मी फाईल मारायला, पॉलिशला वापरतो.

आणि गेल्या शनिवारी उद्यमनगरात जाऊन 6, 8 आणि 10 चे तीनच सुटे कॉलेट आणले, सहाशेच्या आसपास एकेक. माझी रॉड खिशात घेऊनच गेलो होतो. दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून बिचकत बिचकत बाहेर काढली, तर त्यानं काही न बोलता काउंटरखालून स्वतःचा डायल काढला.