चार हजारांचा शेणकिडा

इजिप्तमध्ये लक्सरला जाणार असाल तर हे वाचून जा.

पश्चिम तीरावरच्या कबरी बघून बाहेर पडलो, बायको पाण्याची बाटली घ्यायला पुढे गेली आणि मी एकटा सापडलो. साठीचा, अदबीने बोलणारा माणूस. पुरचुंडी सोडून त्याने अंगठ्याच्या पेराएवढा हिरवट दगडी शेणकिडा, म्हणजे जुन्या इजिप्तमधला किड्याच्या आकाराचा ताईत, माझ्या तळहातावर ठेवला. "आजोबांना घराखाली सापडला." मला पटलं, कारण तिथल्या कुर्ना गावातली घरं खरोखरच जुन्या सरदारांच्या कबरींवर उभी होती, हे गाइडने तासाभरापूर्वीच सांगितलं होतं.

पुढचंही बरंचसं खरंच होतं, आणि मी फसलो ते तिथेच. शेणाचा गोळा ढकलणारा किडा म्हणजे सूर्याला आकाशात ढकलणारा खेप्री, उगवतीचा देव. ‘खेपेर’ म्हणजे होणं, घडणं. त्या शब्दासाठीही याच किड्याचं चित्र. पोटावरची लिपी त्याने बरोबर वाचली: सूर्याची चकती, सोंगट्यांचा पट, किडा. सूर्याला, म्हणजे ‘रे’ला, मान म्हणून लिहायचं आधी, वाचायचं शेवटी. मेन-खेपेर-रे, म्हणजे तिसरा थुटमोस, तिथला प्राचीन राजा.

मग म्हणाला, हा ममीच्या हृदयावरचा. इथे मी सावध व्हायला हवं होतं. हृदयावरचा किडा बराच मोठा असतो आणि त्यावर मंत्र कोरतात, न्यायनिवाड्यात हृदयाने मालकाविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून. राजाचं नाव नव्हे. शिवाय थुटमोसचं नाव तो मेल्यावरही शेकडो वर्षं ताईतांवर कोरत होते, त्यावरून वय ठरत नाही. हे मी घरी येऊन वाचलं. बैल गेला अन् झोपा केला.

चार हजार इजिप्शियन पौंडांवरून दीड हजारावर आला, तेव्हाचे आपले चार हजार रुपये. "विमानतळावर दाखवू नका," असं कुजबुजला, आणि खरं सांगतो, त्या कुजबुजीनेच माझं पाकीट उघडलं. 1983 च्या कायद्याने तिथे पुरातन वस्तूंचा व्यापार आणि त्या देशाबाहेर नेणं बंद आहे. खरा निघाला असता तर मीच गुन्हेगार. खोटा निघाला तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

तिसऱ्या दिवशी आस्वानच्या बाजारात टोपलीभर तेच किडे. प्रत्येकाच्या डाव्या पंखाचा टवका उडालेला, अगदी माझ्यासारखाच. टवका साच्यातलाच! कडेने शिवणीसारखी बारीक रेघही होती. चाळीस पौंडांना एक घेतला, घासाघीस न करता.

खरे किडे बहुतेक संगजिऱ्याच्या दगडात कोरून, झिलई देऊन भाजलेले असतात. घरी दोघांच्याही पोटाला तापलेली सुई टेकवली. दोघांनाही प्लास्टिक जळल्याचा वास. टीव्हीशेजारी ठेवले होते, परवा पुसताना त्यांच्या जागा बदलल्या. चार हजारांचा कुठला, ते आता मलाही सांगता येत नाही.