टाम्पेरेत वीस महिने: इथं कुणी काही विचारत नाही

ऑगस्ट 2023 मध्ये दोन बॅगा, एक कुकर आणि आईनं वरून कोंबलेला भाजणीचा डबा घेऊन मी सांगलीहून फिनलंडमधल्या टाम्पेरेला शिकायला आलो. आता वीस महिने झाले, दोन हिवाळे निघाले. आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसते तळ्यांचे आणि बर्फाचे फोटो टाकले असते, म्हणून मुद्दाम थांबलो होतो.

आधी पैशांचं. फिनलंडमध्ये शिक्षण फुकट, हे आपल्याकडे अजून ऐकायला मिळतं. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना इंग्रजीतल्या अभ्यासक्रमांसाठी 2017 पासून फी लागते. माझी वर्षाची 12,000 युरो, त्यातली निम्मी शिष्यवृत्तीतून सुटली. राहिलेली निम्मी शैक्षणिक कर्जातून. आठवड्याला सरासरी 30 तास काम करायची परवानगी आहे, पण परवानगी असणं वेगळं आणि काम मिळणं वेगळं. फिनिश येत नसेल तर पहाटेची साफसफाई नाहीतर सायकलवरून जेवण पोचवणं, बहुतेकांची सुरुवात यातच होते. माझीही झाली.

पहिला महिना-दीड महिना बँकेनं खाल्ला. ओळख क्रमांक मला निवास परवान्याबरोबरच मिळाला होता, त्यामुळे वाटलं सुटलो. पण इथं कुठल्याही सरकारी संकेतस्थळावर शिरायचं तर आपण कोण हे बँकेच्या कोडनं सिद्ध करावं लागतं. मोबाइलचं साधं मासिक कनेक्शन घ्यायलाही तेच. एका बँकेनं पाच आठवड्यांनंतरची वेळ दिली आणि त्या दिवशी गेलो तर एक कागद कमी म्हणून परत पाठवलं. कोणता कागद हे आधी का सांगितलं नाही, असं विचारल्यावर काउंटरवरची बाई शांतपणे म्हणाली, "तुम्ही विचारलं नव्हतं."

तेव्हा डोकं सणकलं होतं. आता वाटतं, तिनं सुरुवातीलाच मला या देशाची किल्ली दिली. इथं कुणी आपणहून काही विचारत नाही की सांगत नाही. विचारलंत तर मात्र हातातलं काम टाकून मदत करतात.

कॉलेजातही तेच. माझे वर्ग हेरवांताला, शहराच्या दक्षिणेला, ट्रामनं वीसेक मिनिटं. मार्गदर्शकांना मी दोन महिने ई-मेलात 'रिस्पेक्टेड सर' लिहीत होतो आणि उत्तराखाली त्यांची सही नुसत्या पहिल्या नावाची यायची. प्रबंधाचं काम सुरू झालं आणि तीन आठवडे एका चुकीच्या गृहीतकात अडकून बसलो. त्यांनी फोन केला नाही, टोकलं नाही, काही नाही. शेवटी लाज बाजूला ठेवून त्यांचं दार वाजवलं, तर दीड तास फळ्यापाशी उभे राहिले. पाठीवर वेत घेऊन कुणी उभं असल्याशिवाय ज्यांचं काम हलत नाही (मी त्यातलाच), त्यांना पहिलं सत्र जड जातं.

जेवण ही सगळ्यात सुखाची बाजू. कॅन्टीनमध्ये तीनेक युरोत गरम पदार्थ, सॅलड, ब्रेड आणि पेय मिळतं, कारण उरलेला भार 'केला' उचलते. केला म्हणजे इथली सामाजिक सुरक्षा संस्था, नावावर हसून झालं आहे. पहिल्या दिवशी दुधाच्या शेजारच्या नळाखाली ग्लास धरला, मोठा घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. ते पीमा होतं. नीट विचार केल्यावर कळलं, हे तर आपलं घट्ट ताक! आता दर रविवारी त्यात बेसन कालवून, जिरं-हिंग-कढीपत्त्याची फोडणी देऊन कढी करतो. कढीपत्ता मात्र सुट्टीत गावाहून वाळवून आणलेला. राय नावाच्या धान्याची काळी आंबूस पाव-भाकरीही लोण्याबरोबर जमून गेली.

थंडीचा आपण उगाच बाऊ करतो. जानेवारी 2024 मध्ये पारा उणे 25 च्या खाली गेला, नाकातले केस कडक झाले, पण खोलीत मी टी-शर्टवर होतो. पुण्यात डिसेंबरात यापेक्षा जास्त कुडकुडलोय. त्रास देतो तो नोव्हेंबर. बर्फ टिकत नाही, सगळीकडे काळा चिखल, तीन-साडेतीनला दिवे लागतात. डिसेंबरात दिवस जेमतेम सव्वापाच-साडेपाच तासांचा, तोही बहुतेक ढगाआड. पहिल्या वर्षी मी शनिवार-रविवार झोपूनच घालवले आणि ती थंडीच आहे असं समजत राहिलो. दुसऱ्या वर्षी ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, रोज दुपारी अर्धा तास बाहेर आणि बुधवारी इमारतीतल्या सॉनाची पाळी, एवढं ठरवून केलं. बरंच सावरलं. बुटांना लावायचे खिळे आणि जाकिटाला लटकवायचा रिफ्लेक्टर ऑक्टोबरातच घ्या. मी खिळे घेतले ते बसस्टॉपवर साष्टांग नमस्कार घातल्यानंतर. जाड जाकीट भारतातून आणू नका, इथं जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगलं मिळतं.

कुकर मात्र आणा, सपाट बुडाचा, कारण शेगड्या विजेच्या असतात. विद्यार्थी वसाहतीतल्या माझ्या घरात एक फिनिश मुलगाही राहतो. एकच स्वयंपाकघर, तरी आमचं बोलणं "मोई" (म्हणजे इथलं 'हाय') आणि कचरा कुणी न्यायचा यापुढे गेलं नव्हतं. रोज संध्याकाळी माझा कुकर किंचाळायचा आणि तो हेडफोन लावून पास्ता ढवळत राहायचा. मला वाटायचं, याला राग येत असणार. सात महिन्यांनी, मार्चमधल्या एका संध्याकाळी, त्यानं हेडफोन गळ्यात उतरवले, घसा खाकरला आणि विचारलं, "तू नेहमी तिसऱ्या शिट्टीला बंद करतोस. चौथी झाली तर काय होतं?"

मी म्हटलं, डाळीचा गिचका होतो. त्यानं मान डोलावली आणि ताटली पुढे केली.