दोन फीड एकत्र करताना: शॉट्की डायोड की आयडियल डायोड कंट्रोलर?

मालवण-देवगडकडच्या मोबाइल टॉवरवर उणे ४८ व्होल्टचे ए आणि बी फीड (एक गेला तर दुसरा चालावा म्हणून दिलेले दोन वीजपुरवठे) जोडायला शॉट्की, म्हणजे कमी व्होल्टेज पडणारा डायोड, स्वस्त आणि सोपा. कंट्रोल सर्किटची भानगड नाही. पण १० अँपिअरला त्यावर साधारण ०.५ व्होल्ट पडतो, म्हणजे ५ वॅट नुसती उष्णता. मग हीटसिंक आला, पंखा आला आणि पंख्यासोबत खारी हवा थेट कपाटात! शिवाय तापलेल्या शॉट्कीची उलटी गळती (उलट दिशेने झिरपणारा करंट) वाढते. बंद पडलेल्या फीडवरही व्होल्टेज दिसतं, अलार्म गप्प राहतो. तिथे ही गळती वाहून नेणारा ब्लीडर रेझिस्टर लावावाच.

आयडियल डायोड कंट्रोलर म्हणजे मॉसफेटला (इलेक्ट्रॉनिक स्विचला) डायोडसारखं चालवणारी चिप. त्याच्यासोबत १०० व्होल्टचा, ५ मिलिओहमचा मॉसफेट घेतला तर तेवढ्याच करंटला ०.५ वॅट; पंख्याविना बंद कपाट चालतं. मात्र एक फीड शॉर्ट झाला की मॉसफेट करंट झटक्यात तोडतो, आणि लांब केबलच्या इंडक्टन्समुळे व्होल्टेजचा स्पाइक उसळतो. इनपुटला टीव्हीएस डायोड (असा स्पाइक शोषणारा) नसेल तर मॉसफेटच जातो. बोर्डाला कन्फॉर्मल कोटिंगही (ओलावा रोखणारा थर) हवं, नाहीतर पावसाळ्यात गेटजवळच्या (चालू-बंद करणाऱ्या पिनजवळच्या) गळतीने मॉसफेट अर्धवट चालू राहून तापतो.

हॉट-स्वॅप (चालू पुरवठ्यात कार्ड बसवताना करंट आवरणारा भाग) दोन्हीकडे वेगळा लागतोच. त्याचा मॉसफेट रेझिस्टन्स पाहून नव्हे, सेफ ऑपरेटिंग एरियाचा (किती व्होल्टेज-करंट किती वेळ झेपतो त्याचा) आलेख पाहून निवडा. ५ अँपिअरच्या वर कंट्रोलरच बरा.